पदवी, सनद आणि मान्यता : परदेशी वैद्यकीय अर्हतांचा इतिहास व नंदुरबार जिल्हा

१

विद्या आणि व्यवसाय यांच्या संबंधांविषयी मराठीत तीन शब्द विशेष प्रचारात आहेत. ‘पदवी’ हा पहिला. विद्यापीठाने अध्ययन पूर्ण केल्याबद्दल दिलेली उपाधी, असा त्याचा आजचा अर्थ आहे. ‘सनद’ हा दुसरा. मूळ अरबी असलेला हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. जुन्या दफ्तरांत तो वतन, इनाम किंवा अधिकार देणाऱ्या राजपत्रासाठी येतो, आणि वकिलीच्या व्यवसायापुरता तो अद्यापही जिवंत आहे. ‘अर्हता’ हा तिसरा शब्द संस्कृत ‘अर्ह्’ या धातूपासून सिद्ध झाला असून स्वातंत्र्योत्तर काळातील शासनव्यवहाराने तो रूढ केला. पदवी गुरुकुलाकडून मिळते आणि ती झालेल्या अध्ययनाविषयी बोलते. सनद राजसत्तेकडून मिळते आणि ती पुढे करावयाच्या कार्याला परवानगी देते. अर्हता मात्र त्या व्यक्तीच्या अंगी असते, निदान असावी अशी अपेक्षा असते.

मनुष्य आपल्या मुलखात राहून व्यवसाय करीत असेल तोवर या तीन गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. तो सीमा ओलांडून गेला, किंवा सीमेपलीकडे शिकून परत आला, की त्या सुट्या होतात. पदवी हातात असते, अर्हता अंगी असते, पण सनद मिळत नाही. या तिन्ही गोष्टींना पुन्हा एकत्र आणणाऱ्या क्रियेला ‘मान्यता’ असे नाव आहे. ही क्रिया म्हणजे ज्ञानाचे मोजमाप होय, अशी सर्वसाधारण समजूत असते. वैद्यकीय व्यवसायाच्या गेल्या दीड शतकाचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते. मान्यतेच्या प्रत्येक निर्णयात ज्ञानाची कसोटी, राज्याराज्यांमधील नाते आणि मनुष्यबळाची निकड हे तीन घटक असतात. त्यांचे प्रमाण काळानुसार बदलत गेलेले आहे.

या इतिहासाचा विचार नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात करण्यास कारण आहे. १९०६ साली खानदेशचे विभाजन होऊन पश्चिम खानदेश अस्तित्वात आला. त्याचाच पुढे धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा काढण्यात आला. २०११ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या रांगांत वसलेले आहेत. परदेशी पदवीची किंमत लंडन, फिलाडेल्फिया किंवा दिल्ली येथे ठरते. ती ठरविण्याचे परिणाम ज्या प्रदेशांना भोगावे लागतात, त्यांचे नंदुरबार हे एक स्पष्ट उदाहरण आहे.

२

इंग्लंडात १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली आणि डॉक्टरांची एकच अधिकृत नोंदवही सुरू झाली. कोणत्या संस्थांच्या अर्हता या वहीत नोंदविता येतील, हे कायद्याच्या परिशिष्टात निश्चित केलेले होते. ब्रिटिश बेटांबाहेरच्या विद्यापीठांना तीत स्थान नव्हते. अमेरिकेत १८४९ साली पदवी घेतलेल्या एलिझाबेथ ब्लॅकवेल यांची नोंद होऊ शकली, ती केवळ त्यांनी कायद्यापूर्वी इंग्लंडात व्यवसाय केलेला होता म्हणून. त्यांच्या मागून येणाऱ्या स्त्रियांना ती वाट बंद झाली. देशातील विद्यापीठे स्त्रियांना घेत नव्हती, आणि परदेशी विद्यापीठांची पदवी कायदा मानीत नव्हता. परदेशी पदवी न मानण्याचा नियम आणि स्त्रियांना व्यवसायाबाहेर ठेवण्याचा प्रघात हे दोन्ही अशा रीतीने एकमेकांस पूरक ठरले.

या कोंडीतून मार्ग निघाला तो आयर्लंडातून. १८७६ च्या एका कायद्याने परीक्षक संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि डब्लिनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने ती प्रथम उपयोगात आणली. एडिथ पीची यांनी १८७७ च्या आरंभी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एम.डी. पदवी मिळविली, आणि त्याच वर्षी डब्लिनची परीक्षा देऊन परवाना घेतला. पदवी एका देशाची आणि सनद दुसऱ्याची, अशी ही रचना होती. याच डॉ. पीची १८८३ साली मुंबईस आल्या व कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. मुंबईच्या स्त्रियांना मिळालेली ही वैद्यकीय सेवा डब्लिनने उघडलेल्या एका आडवाटेची फलश्रुती होती.

ज्या वर्षी पीचीबाई मुंबईस आल्या, त्याच वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी संपादन केली. हिंदू स्त्रियांमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी नेमले. इंग्लंडच्या नोंदवहीत ही अमेरिकन पदवी दाखल होण्यासारखी नव्हती. पण मुंबई इलाख्यात तेव्हा डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. मान्यता देणारी सत्ता म्हणजे नेमणूक करणारे संस्थान, आणि त्याने गरज ओळखून पदवी जशीच्या तशी स्वीकारली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंचे पुण्यास निधन झाल्यामुळे त्या पदावर त्यांना रुजू होता आले नाही. तरीही कोल्हापूरच्या निर्णयाचे महत्त्व कमी होत नाही. नोंदवहीच्या अभावी गरज हीच मान्यतेची कसोटी होती, हे त्यावरून दिसते.

डॉ. रखमाबाई यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. दादाजी भिकाजी यांनी त्यांच्याविरुद्ध लावलेल्या दाव्यामुळे त्यांचे नाव सर्वत्र गाजलेले होते. त्या प्रकरणाच्या समाप्तीनंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात १८८९ ते १८९४ या काळात शिकल्या. शिक्षण लंडनचे असले तरी अंतिम अर्हता त्यांनी स्कॉटलंडच्या, म्हणजे एडिंबरो व ग्लासगो येथील महाविद्यालयांच्या संयुक्त परीक्षेची घेतली, कारण लंडनमधील दोन्ही रॉयल कॉलेजांची दारे स्त्रियांना विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत, म्हणजे १९०८-०९ पर्यंत, बंद होती. ब्रिटिश नोंदवहीत नाव आल्यामुळे त्यांच्या अर्हतेविषयी हिंदुस्थानात कोणी शंका घेण्याचे कारण उरले नाही. १८९५ पासून त्यांनी सुरतेत स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम पाहिले आणि पुढे राजकोटला सेवा केली. सुरत ही तापी खोऱ्यातील मोठी पेठ असून १९०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या सुरत-अमळनेर लोहमार्गाने ती नंदुरबारशी जोडली गेली. पश्चिम खानदेशच्या वेशीवर ब्रिटिश सनद धारण करणारी एक मराठी स्त्री वीसएक वर्षे काम करीत होती, ही गोष्ट या जिल्ह्याच्या वैद्यकीय इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

३

हिंदुस्थानात नोंदणीचा पहिला कायदा मुंबई इलाख्यानेच केला. हा कायदा १९१२ चा होय. त्याने मुंबई मेडिकल कौन्सिल स्थापन झाली. १९१६ च्या मध्यवर्ती कायद्याने पाश्चात्य वैद्यकातील पदव्या देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांपुरता मर्यादित केला. या दोन कायद्यांनंतर कोल्हापूरसारखा निर्णय ब्रिटिश मुलखात कोणाही नेमणूककर्त्याला स्वतःच्या जबाबदारीवर सहजासहजी घेता येणे शक्य राहिले नाही. पदवी आणि सनद यांच्यामध्ये आता नोंदवही उभी राहिली.

त्याच वेळी उलट दिशेचा प्रश्नही होता. हिंदी विद्यापीठांच्या पदव्या ब्रिटनमध्ये मान्य होत्या, कारण १८८६ च्या ब्रिटिश वैद्यकीय कायद्याने वसाहतींच्या व परदेशांच्या अर्हतांसाठी परस्परमान्यतेचे तत्त्व स्वीकारले होते. जो देश ब्रिटिश डॉक्टरांना आपल्याकडे न्याय्य सवलती देईल, त्याच्या डॉक्टरांना ब्रिटन सवलती देईल, असे ते तत्त्व होय. इटली व जपान या स्वतंत्र राष्ट्रांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचा लाभ घेतला. हिंदुस्थान पराधीन असल्यामुळे त्याच्या बाबतीत ‘परस्पर’ या शब्दाला अर्थ नव्हता. ब्रिटिश डॉक्टराला येथे अडविण्याचा अधिकारच हिंदुस्थानला नव्हता. हिंदी पदवीची मान्यता म्हणून करार नव्हती, अनुग्रह होता. जो अनुग्रह असतो तो काढूनही घेता येतो.

तसेच घडले. पहिल्या महायुद्धानंतर जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदी महाविद्यालयांतील प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणाविषयी आक्षेप घेतला. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या व केलेल्या बाळंतपणांची संख्या पुरेशी भरत नाही, असा तो आक्षेप होता. सर नॉर्मन वॉकर यांनी १९२२ मध्ये व पुन्हा त्या दशकाच्या उत्तरार्धात येऊन महाविद्यालयांची तपासणी केली. अखेर १९३० साली कौन्सिलने हिंदी वैद्यकीय पदव्यांची मान्यता थांबविली. आक्षेपात तथ्य होते. हिंदुस्थानात बाळंतपण घरी, सुइणीच्या हातून होत असे. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया थोड्या, आणि पुरुष विद्यार्थ्यांसमोर येण्यास तयार असणाऱ्या त्याहून थोड्या. ज्या सामाजिक परिस्थितीने आनंदीबाईंना आपल्या प्रबंधाचा विषय पुरविला, तीच परिस्थिती ४४ वर्षांनी मुंबईच्या पदवीधराला ब्रिटनच्या नोंदवहीबाहेर ठेवण्यास कारण झाली. परंतु उणीव एका विषयातली असता दंड संपूर्ण पदवीला झाला, आणि निर्णयाच्या वेळी येथील वैद्यकीय व्यवसायाचा कोणीही प्रतिनिधी न्यायासनावर नव्हता. राष्ट्रीय वृत्तीच्या डॉक्टरांनी या निर्णयात अपमान पाहिला तो यामुळे.

या संघर्षाचे फळ म्हणजे १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा. त्याने देशाला शिक्षणाचा दर्जा ठरविणारी व परदेशांशी परस्परमान्यतेच्या वाटाघाटी करणारी स्वतःची संस्था दिली. त्या कायद्यालाही एक काळी बाजू होती. पदवीपेक्षा खालच्या दर्जाचा परवाना घेतलेले हजारो डॉक्टर मध्यवर्ती मान्यतेबाहेर राहिले. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी होती. परदेशात आपल्या पदवीला मान मिळावा म्हणून स्वदेशातील ग्रामीण डॉक्टरांना वेगळ्या पंक्तीत बसविले गेले. बाहेरच्या मान्यतेसाठी आतल्या गरजेची किंमत मोजण्याची ही प्रवृत्ती पुढेही दिसून येते.

या सर्व काळात एक अपवाद उठून दिसतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली हिंदी वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले व ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावले. मुंबईची पदवी घेऊन गेलेल्या या तरुणाला तेथे रुग्णालयाचे प्रमुखपद मिळाले. आघाडीवर जखमी पडलेले असताना नोंदवही पाहण्यास कोणाला सवड नव्हती. निकड पराकोटीस पोहोचली की बाकीचे दोन घटक गळून पडतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

४

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली जुन्या कायद्याच्या जागी नवा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. परदेशी अर्हतांसाठी त्याने तीन वेगवेगळी दारे ठेवली. कलम १२ अन्वये परस्परमान्यतेची योजना असलेल्या देशांच्या अर्हता मान्य होत. कलम १३ मध्ये परदेशी अर्हता घेऊन आलेल्या भारतीय नागरिकांचा विचार होता. कलम १४ मात्र निराळ्या प्रकारचे होते. ज्या देशाशी परस्परमान्यतेची योजना नाही, त्या देशाच्या अर्हतेला केंद्र सरकार अधिसूचनेने मान्यता देऊ शके. परंतु तो डॉक्टर आपल्या देशात रीतसर नोंदलेला असला पाहिजे, त्याचे काम अध्यापन, संशोधन किंवा धर्मादाय कार्य यांपुरते असले पाहिजे, ते एका विशिष्ट संस्थेशी बांधलेले असले पाहिजे, आणि ते ठरावीक मुदतीचे असले पाहिजे, अशा चार मर्यादा त्यास होत्या.

हे कलम समजून घेण्यासाठी नंदुरबारकडे वळावे लागते. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वीडिश व अमेरिकन मिशनरी संस्था कार्य करीत होत्या. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे १९४२ च्या सुमारास मिशनच्या वैद्यकीय कार्यास प्रारंभ झाला व त्यातून तेथील ख्रिश्चन रुग्णालय उभे राहिले. पुढे ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडे आले. मिशनऱ्यांच्या धर्मप्रसाराविषयी मते भिन्न असू शकतात. पण ज्या भागात शासकीय डॉक्टरही दुर्मीळ होता, तेथे परदेशातून आलेल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केल्या व बाळंतपणे सोडविली, याविषयी दुमत नाही. अमेरिकेशी भारताची परस्परमान्यता नव्हती, कारण तेथे डॉक्टरास परवाना देण्याचा अधिकार संघराज्यातील एकेका राज्याचा होता. अशा देशातून देशभरच्या मिशन रुग्णालयांत येणाऱ्या डॉक्टरांसाठी १९५६ नंतर कलम १४ हाच मार्ग होता. भारताच्या राजपत्रात अशा अधिसूचना प्रसिद्ध होत असत. त्यांत डॉक्टरचे नाव, पदवी, संस्था आणि मुदत या चारही गोष्टी नमूद असत.

मान्यतेच्या इतिहासात या कलमाला स्वतंत्र स्थान द्यावयास हवे. कलम १२ ची मान्यता राष्ट्रांमधील नात्यावर उभी होती आणि ती मिळाली की डॉक्टर देशात कोठेही व्यवसाय करू शके. कलम १४ ने मान्यतेला स्थळ, हेतू व काल यांच्याशी जोडले. जेथे गरज आहे तेथे, ज्या कामाची गरज आहे त्यासाठी, आणि गरज असेल तोवर, असा तिचा आशय होता. कोल्हापूर संस्थानाने १८८६ मध्ये सहज बुद्धीने जे केले, त्याला सत्तर वर्षांनी कायद्याचे रूप मिळाले. फरक एवढाच की ही सवलत परदेशी नागरिकाला होती. परदेशी पदवी घेऊन परतलेल्या भारतीयाला मात्र ‘सर्व किंवा काहीच नाही’ असा नियम लागू राहिला.

५

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तेथे डॉक्टरांची मोठी मागणी निर्माण झाली. भारतीय पदव्या तेव्हा पुन्हा मान्य होत्या. मुंबई, पुणे, नागपूर येथील पदवीधर मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि वृद्धांची शुश्रूषा, मनोरुग्णांची चिकित्सा, औद्योगिक गावांतील सामान्य व्यवसाय अशा, स्थानिक डॉक्टर ज्याकडे फारसे वळत नसत, त्या शाखा त्यांनी सांभाळल्या. १९७५ मध्ये मेरिसन समितीने आपला अहवाल दिला. मनुष्यबळाच्या गरजेपुढे नोंदणीचा दर्जा राखण्याच्या कर्तव्यात जनरल मेडिकल कौन्सिलने ढिलाई होऊ दिली, असे त्या समितीचे मत होते. त्याच वर्षी भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेण्यात आली आणि परदेशी पदवीधरांसाठी वैद्यकीय ज्ञान व इंग्रजी भाषा यांची परीक्षा सुरू झाली. पुढे ती ‘प्लॅब’ या नावाने परिचित झाली. पंचवीस वर्षे ज्या पदव्या पुरेशा होत्या, त्या एका वर्षात अपुऱ्या झाल्या असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती निकड आणि नाते.

या वेळी मात्र भारत स्वतंत्र होता आणि ‘परस्पर’ या शब्दाला अर्थ आलेला होता. भारतानेही ब्रिटिश अर्हतांची मान्यता थांबविली. नोव्हेंबर १९७८ नंतर मिळविलेल्या ब्रिटिश अर्हता भारताच्या परिशिष्टात बसेनाशा झाल्या. स्वाभिमानाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा झाला की लंडनची किंवा एडिंबरोची उच्च अर्हता घेऊन परत येऊ इच्छिणाऱ्या भारतीय तज्ज्ञालाच त्याचा फटका बसला. २००८ मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या पाच देशांच्या पदव्युत्तर अर्हतांना भारताने पुन्हा मान्यता दिली. मधल्या तीस वर्षांत त्या अर्हतांचा दर्जा कमी झाला होता आणि मग सुधारला, असे मानण्यास आधार नाही.

अमेरिकेने निराळी पद्धत स्वीकारली. परदेशी पदवीधरांची पडताळणी करणारी संस्था तेथे १९५६ साली स्थापन झाली व १९५८ पासून तिच्या परीक्षा सुरू झाल्या. १९९२ पासून देशी व परदेशी अशा दोन्ही पदवीधरांना एकच परवाना परीक्षा लागू झाली. या पद्धतीत राष्ट्रांचे नाते गौण ठरते, व्यक्तीची कसोटी प्रधान होते. तिचा भार मात्र व्यक्तीवर पडतो. अनेक वर्षे व्यवसाय केलेल्या डॉक्टरालाही पुन्हा रुग्णालयातील निवासी उमेदवारीपासून आरंभ करावा लागतो. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टरांच्या पिढीने हा भार उचलला.

६

एकविसाव्या शतकात भारताला स्वतःच न्यायासनावर बसावे लागले. देशातील जागा अपुऱ्या आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क न परवडणारे असल्यामुळे रशिया, युक्रेन, चीन व इतर देशांत वैद्यक शिकण्यास जाणाऱ्यांची संख्या वाढली. २००१ मध्ये १९५६ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन चाळणी परीक्षा अनिवार्य करण्यात आली आणि २००२ पासून ती घेतली जाऊ लागली. उत्तीर्ण होण्यास निम्मे गुण लागतात, आणि अनुत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या सातत्याने उत्तीर्णांपेक्षा बरीच मोठी राहिली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने देशी व परदेशी पदवीधरांना एकच परीक्षा असावी अशी तरतूद केली, पण २०२५ पर्यंत ती परीक्षा प्रत्यक्षात आलेली नव्हती. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी किमान ५४ महिन्यांचे अध्ययन, इंग्रजी माध्यम, परदेशात बारा महिन्यांची आणि भारतात पुन्हा बारा महिन्यांची आंतरवासिता अशा अटी घातल्या.

हे नियम झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण झाले आणि हजारो भारतीय विद्यार्थी अर्धवट शिक्षण घेऊन परतले. त्यांना येथील महाविद्यालयांत सामावून घेता येणार नाही, अशी शासनाची भूमिका होती. अखेर मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असा मार्ग निघाला की अंतिम वर्षापर्यंत पोहोचलेल्यांना एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या परीक्षेची एकच संधी द्यावी व त्यानंतर दोन वर्षांची आंतरवासिता करून घ्यावी. १९३० साली जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदी पदवीविषयी जो मुद्दा मांडला होता, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णानुभवाची उणीव, तोच या वेळी भारताने आपल्या विद्यार्थ्यांच्या परदेशी पदवीविषयी मांडला. मुद्दा तेव्हाही निराधार नव्हता, आताही नाही. दुर्गम भागातील अशिक्षित रुग्णाला डॉक्टराची पारख करण्याचे साधन नसते, त्याच्या वतीने ती नोंदवहीनेच करावयाची असते. कसोटी नको असे म्हणणे म्हणजे त्या रुग्णाला वाऱ्यावर सोडणे होय.

याच्या शेजारी दुसरे एक दृश्य ठेवून पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. परिचारिकांचा त्यात समावेश होता, आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची व्यवस्था शासनाने अंगावर घेतली. जर्मनीत २०१२ पासून परदेशी व्यावसायिक अर्हतांच्या समतुल्यतेचा स्वतंत्र कायदा आहे. त्या पद्धतीत अर्हता पूर्णपणे नाकारली जात नाही. काय कमी आहे ते लेखी सांगितले जाते, आणि तेवढे भरून काढण्यासाठी पूरक अभ्यास किंवा परीक्षा ठरवून दिली जाते. उणीव एका विषयातली असेल तर दंड संपूर्ण पदवीला होऊ नये, हे १९३० मध्ये हिंदी डॉक्टरांनी मागितलेले न्यायतत्त्व येथे नियमात उतरलेले दिसते.

७

नंदुरबार येथे २०२० साली शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पश्चिम खानदेशच्या या कोपऱ्यात वैद्यकीय पदवी निर्माण होऊ लागली, ही ऐतिहासिक घटना होय. मात्र या जिल्ह्याच्या दृष्टीने पाहिले म्हणजे आतापर्यंतच्या साऱ्या कसोट्यांतील एक मोठी पोकळी लक्षात येते. ती भाषेची आहे.

ब्रिटन परदेशी डॉक्टरची इंग्रजी तपासतो. जर्मनी परिचारिकेची जर्मन तपासते. रुग्णाचे म्हणणे कळल्यावाचून चिकित्सा होत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते निर्विवाद आहे. भारताच्या २०२१ च्या नियमांतही भाषेची अट आहे, पण ती शिक्षणाच्या माध्यमाची, म्हणजे इंग्रजीची आहे. रुग्णाच्या भाषेविषयी ती काही बोलत नाही. अक्राणीत पावरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे भिलीच्या देहवालीसारख्या बोली, नवापूरकडे मावची आणि सपाटीवर अहिराणी व गुजर बोली चालतात. मॉस्कोत शिकलेला असो, मुंबईत शिकलेला असो की खुद्द नंदुरबारात शिकलेला असो, धडगावच्या रुग्णालयात बसणाऱ्या डॉक्टराला यांपैकी एकही भाषा यावी, अशी अट नोंदणीच्या कोणत्याही पायरीवर नाही. दुखण्याची जागा, त्याची तऱ्हा, ते केव्हापासून आहे, हे सांगणारे शब्द रुग्णाच्या बोलीतच असतात. ते शब्द मराठीत येताना काही गळते, मराठीतून इंग्रजीत जाताना आणखी काही गळते. मध्ये उभी असलेली परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती जे भाषांतर करते, त्यावर रोगनिदान अवलंबून असते. तिच्या या अर्हतेला कोणतीही सनद नाही.

अनुसूचित जमातींचे बहुमत असलेल्या या जिल्ह्यात सातपुड्यातून शिकण्यास बाहेर पडलेला डॉक्टर परतला, तर तो ही अर्हता आईच्या मांडीवर मिळवून आलेला असतो. त्याची पदवी परदेशी असल्यास चाळणी परीक्षा त्याचे शरीरशास्त्र तपासते, औषधशास्त्र तपासते, आणि ते योग्यच आहे. परंतु पावरी बोलणाऱ्या आणि न बोलणाऱ्या उमेदवारांत ती काहीच फरक करीत नाही. कलम १४ ने परदेशी नागरिकाच्या बाबतीत जे मान्य केले होते, म्हणजे स्थळ, हेतू व मुदत यांना बांधलेली मान्यता, ते आपल्याच मुलखातील मुलांच्या पूरक प्रशिक्षणाला लावता येण्यासारखे आहे. उणिवेचा विषय नेमका सांगावा, ती भरून काढण्याचे स्थळ चिंचपाडा, धडगाव, मोलगी यांच्यासारखे असावे, आणि त्या अवधीत रुग्णाच्या भाषेचाही हिशेब धरला जावा. कसोटी यामुळे सैल होणार नाही. आजवर जी बाजू तपासलीच गेली नव्हती, ती तपासली जाईल.

आनंदीबाईंपासून युक्रेनहून परतलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत एक गोष्ट कायम राहिलेली आहे. पदवी देणाऱ्याने आणि सनद देणाऱ्याने आपापल्या परीने व्यवसायाचा विचार केला. ज्याच्या अंगावर अखेर त्या सनदेचा प्रयोग व्हावयाचा, त्याला विचारण्याची रीत कोठेही पडली नाही. ‘अर्ह्’ या धातूचा अर्थ ‘योग्य असणे’ असा आहे. कोणासाठी योग्य, हा प्रश्न त्या धातूत अध्याहृत आहे, आणि त्याचे उत्तर नोंदवहीत लिहिले जाण्याची वाट सातपुड्याच्या पायथ्याशी अद्याप पाहिली जात आहे.